वकिलाचा बिल्ला

सोफावाल्यांची एक खोड साऱ्या गल्लीला पाठ होती. दुरुस्तीला आलेल्या खुर्चीचं कापड, कापूस, स्प्रिंगा असलं काही ते आधी बघायचेच नाहीत. खुर्ची उलटी करायची, पायांच्या सांध्यांवर लाकडी हातोडीने टकटक करायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. "ही होईल." नाहीतर, "न्या परत. सांगाडाच गेलाय." मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो, गेलेल्या सांगाड्याला ते हात लावायचे नाहीत. बायको म्हणायची, "अहो, एखादी तरी घ्या की ठेवून, बिचारी म्हणून." ते हसून म्हणायचे, "बिचारेपणावर कुणाला बसता येत नाही."

चर्चच्या मंडळीतही त्यांच्याकडे असलंच काम होतं आणि ते त्यांना शोभून दिसे. त्यांच्या मंडळीचा रिवाजच तसा होता. येशूच्या आठवणीची भाकर वाटतात त्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मंडळीतल्या जाणत्यांनी घरोघर जायचं, एकेकाला समोर बसवून विचारायचं : जग घडवण्याआधीच देवाने ज्यांना तारणासाठी, स्वर्गासाठी निवडलं, त्यांत तूही आहेस अशी तुझं मन साक्ष देतं का? साक्ष पटली की हातावर पितळेचा छोटा बिल्ला ठेवायचा. रविवारी मेजाशी बिल्ला द्यायचा, मग भाकर घ्यायची. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याने मागच्या बाकावरून बघायचं. निवड देवाची, तिथे माणसाचं काही चालत नाही, आपण फक्त कान लावायचा, असं सोफावाले सांगत. लोक साक्ष आधीच घोकून ठेवत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवण्याचा आगाऊपणा कुणी करत नसे.

घोकत नव्हता तो एकटा सोफावाल्यांचा मुलगा. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायचा, म्हणून घरात त्याचं नाव वकील पडलं होतं. मोठा होऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. बोटांना कायम निळा नाहीतर पिवळा रंग लागलेला, तोंडात शीळ, आणि दर प्रभुभोजनाला मुक्काम मागच्या बाकावर. बाप समोर बसून विचारायचा आणि वकील आपलं तेच सांगायचा, "मला माहीत नाही, बाबा. हवंय मला, खूप हवंय. पण निवडलंय की नाही, हे मला कसं कळणार?"

शेवटच्या खेपेला आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिला राहवलं नाही.

"नुसतं हो म्हण की रे मेल्या! सगळे म्हणतात."

"देवाच्या मेजाशी जायचं म्हणून खोटं बोलू?" वकील हसला. "आणि माझ्या हो म्हणण्यावरच सगळं असेल, तर मग निवडलं कुणी? त्याने का मी?"

सोफावाल्यांनी बिल्ल्यांची कापडी पिशवी मांडीवर घेतली, तिची नाडी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. पिशवी काही उघडली नाही. जो बिल्ला दुसऱ्याच्या पोराला दिला नसता, तो आपल्या पोराला कसा द्यायचा? मंडळीत त्यांच्या या सचोटीचं फार कौतुक झालं. आणि त्याच आठवड्यात वकील एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुरताना मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, प्रार्थना केली, आईबापांसाठी धीर मागितला. पण 'प्रभूजवळ गेला' हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. आई कान टवकारून त्याच शब्दांची वाट बघत होती. माती लोटली, लोक पांगले, तरी ती उभीच होती.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला. माझं पोरगं आहे कुठे? नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. एकदा ती कुणाला न सांगता पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या मंडळीत गेली. तिथे म्हणे देव दार सताड उघडं ठेवतो आणि आत यायचं की नाही हे माणसाने ठरवायचं. तिथले पाळक मोठे हसतमुख होते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"त्याने येशूला हो म्हटलं होतं ना, बाई?"

"माहीत नाही म्हणाला होता. पण हवंय म्हणाला होता. ते चालतं का?"

पाळकांचं हसू मावळलं. "हो म्हणावं लागतं, बाई. तेवढंच तर आपल्या हातात असतं."

ती घरी आली. एका मंडळीत देवाने त्याला घेतलं नव्हतं, दुसरीत तोच आत गेला नव्हता. दोन्हीकडे हिशेब एकच, पोर बाहेर. मग तिचं मन घट्ट झालं. येत्या खेपेला आपणही नाही म्हणायचं. बिल्ला नको, भाकर नको, आणि तो नसलेला स्वर्ग तर मुळीच नको. वकील जिथे असेल तिथे जायचं. हे ठरल्यावर तिला कित्येक दिवसांनी भूक लागली.

प्रभुभोजनाच्या आदल्या दुपारी सोफावाले कोट घालून बाहेर पडले आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवून आत आले. बायकोला विचारतानाही ते असंच करत. एरवी ती चिडवायची, "या पाहुणे, वाट चुकलात वाटतं!" आज ती मुकाट्याने समोर बसली. खिडकीत वकिलाचे ब्रश रॉकेलच्या बरणीत तसेच उभे होते.

त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. तिने उलट विचारलं, "त्याला बिल्ला दिला असतात तर काय बिघडलं असतं हो?"

"ते माझ्या हातात नव्हतं."

"पिशवी तर तुमच्याच हातात होती."

तिला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. आपल्या खुर्चीच्या पायावर मात्र नकळत बोटाने टकटक करू लागले. तिला एकदम त्यांच्या कारखान्यात साठलेला खुर्च्यांचा ढीग आठवला. वकील गेल्यापासून सोफावाले कुठलीच खुर्ची परत पाठवत नव्हते. वाळवीने खाल्लेल्या, पाय मोडलेल्या, खिळा मारताच भुगा होणाऱ्या, सगळ्या ठेवून घेत होते. गिऱ्हाइकं चकित होत होती. आळस आला असेल, असं समजून तिनेही लक्ष दिलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पार बसला होता, "दार लावलेलंच होतं ना? त्यानेच लावलं होतं, आधीपासून. मी नाही लावलं. मी फक्त कान लावला. तू सांग ना, मी नव्हतं ना लावलं? मी लावलं असेल तर मला नाही गं जगता यायचं."

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत होता. ठरवल्याप्रमाणे साक्षीला नाही म्हणायचं तर आता सगळंच बोलावं लागणार होतं. तिच्या नाहीने स्वर्ग नाकारता येत असेल, तर माणसाच्या हो-नाहीला किंमत असते. म्हणजे तिच्या नाहीला होती, वकिलाच्या माहीत-नाहीला होती, आणि त्या दिवशी न उघडलेल्या पिशवीलाही होती. एवढं ऐकलं की हा माणूस या खुर्चीतून उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिला पोराचा फार राग आला. एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? आणि मग रडू आलं, ते तिने गिळलं. गेलेल्यापर्यंत तिचं काहीच पोचणार नव्हतं. समोरचा अजून जिवंत होता.

"नव्हतं तुमच्या हातात," ती म्हणाली. "देवानेच घेतलं नाही त्याला."

सोफावाल्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "आणि तुझं मन साक्ष देतं?"

"देतं," ती म्हणाली. वकिलाला जन्मभर जे जमलं नाही ते तिला एका शब्दात जमलं.

त्यांनी तिच्या हातावर बिल्ला ठेवला, कोट काढून खुंटीला लावला आणि ते कारखान्यात गेले. थोड्या वेळाने कुणीतरी आपली खुर्ची झाली का बघायला आलं. हातोडीची टकटक ऐकू आली. मग सोफावाल्यांचा जुना, खणखणीत आवाज आला, "न्या परत. सांगाडाच गेलाय."

ती खिडकीतल्या ब्रशांकडे बघत बसून राहिली. बिल्ला मुठीत होता. आता तिला वकिलाकडे जाता येणार नव्हतं.