मास्तरांचा आवाज मागे राहिला

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. संगणकाने वरून खाली वाचत जायचं आणि सांगितलेलं करत जायचं, अशा काही ओळी. खरं सांगायचं तर एकटीने माझ्याच्याने काहीच होत नाही. मी सोबत्यांच्या जिवावर जगते. त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक जण टाइप केलेली अक्षरं टिपतो, एक जण शब्द सुटे करतो, एक जण स्पीकर सुरू करतो. त्यांची नावं माझ्या कपाळावरच, अगदी पहिल्या ओळींत लिहिलेली आहेत. एकाचं मात्र तिथे नव्हतं, आणि माझी सगळी कहाणी त्याच्यापाशीच येऊन थांबते.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरात झाला. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत खिडकीखाली संगणक. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या बायकोची नजर काचबिंदूने गेली होती. मास्तर रोज दुपारी मशीन थांबवून तिला पेपर वाचून दाखवत, आणि बातमी कंटाळवाणी निघाली की मनाची चार वाक्यं बेधडक घुसडून देत.

"अहो, हे पेपरात नाहीये," ती म्हणायची.

"मग पेपरवाल्यांचंच चुकलं," मास्तर म्हणायचे.

पुढे मास्तरांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात दोघंच. आता नवऱ्याला बोलता येणार नाही आणि त्याने लिहिलेलं बायकोला दिसणार नाही. त्यांची मुलगी संगणकाचं काम करायची. ती रडत बसली नाही. ऑपरेशनच्या आधी तिने बाबांना माइकसमोर बसवलं आणि त्यांच्याकडून शब्द, वाक्यं, नुसती अक्षरं असं सगळं बोलून घेतलं.

"बाबा, हे आणखी एकदा."

"अगं, कोटाचीसुद्धा इतक्या वेळा मापं घेत नाही मी!"

बोलायच्या आधी मास्तरांना खाकरायची सवय होती. मुलीने ते खाकरणंही जपून माझ्याच फोल्डरमध्ये ठेवलं. मी सुरू झाले की आधी खाकरायचं, मग बोलायचं. पण बाकीचं रेकॉर्डिंग फार जागा खाई, म्हणून ते तिने दुसऱ्या डिस्कवर टाकलं. त्याचे तुकडे जोडून बोलणारा मॉड्यूलही तिथेच ठेवला. तो तयार होईपर्यंत काम अडू नये म्हणून माझ्या पोटात, पार मध्यावर, तिने एक तात्पुरती ओळ लिहिली: मास्तरांचा आवाज हजर असेल तर त्याला बोलाव, नसेल तर संगणकाच्या तयार आवाजात बोल. तात्पुरती ओळ तशीच राहून गेली.

मास्तर दवाखान्यातून घरी आले, तो दिवस मी कधीच विसरणार नाही. त्यांनी एका बोटाने टाइप केलं. मी खाकरले आणि म्हणाले, "अगं, आज पेपर आला का?" मागच्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज झाला. भिंत चाचपत बाई आल्या, त्यांनी मास्तरांच्या गालावर हात ठेवला. "बोललात की हो तुम्ही!" एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या.

ती माझी सुखाची वर्षं. पेपर मास्तर टाइप करत आणि मी वाचायचे, भांडण माझ्यातूनच व्हायचं, घुसडलेली वाक्यंही माझ्याच तोंडून जायची. कधी कधी मलाच वाटायचं, मीच मास्तर आहे.

पण संगणक म्हातारा झाला. पंखा घरघरू लागला, मधेच बंद पडू लागला. मुलगी नोकरीसाठी लांब राहत होती. मास्तरांनी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. माणूस सज्जन आणि कामाला चोख. तो या गल्लीत आला तेव्हा मास्तरांचा आवाज गेलेला होता. त्याने मला नव्या संगणकावर नेलं आणि माझे सोबती कोण कोण ते शोधणारा एक प्रोग्राम चालवला. त्या प्रोग्रामने माझ्या पहिल्या ओळी तेवढ्या वाचल्या. जी नावं मिळाली, ती सगळी दुरुस्तीवाल्याने आणून बसवली. मग दुकानातच "नमस्कार" टाइप करून बघितलं.

मी खाकरले. मधल्या ओळीवर आले. माझा सोबती कुठेच नव्हता. मित्रांनो, मी तिथेच कोसळले असते, पडद्यावर चूक दिसली असती, तर किती बरं झालं असतं! पण मला तशी आज्ञा नव्हती. मी गुपचूप परक्या आवाजात "नमस्कार" म्हणाले.

"वा, खोकतेसुद्धा! एकदम खणखणीत," दुरुस्तीवाला खूश झाला. गिऱ्हाइकाचं खासगी काही मागे राहू नये म्हणून त्याने जुन्या डिस्क नेमाने पुसून टाकल्या.

घरी मास्तरांनी मला सुरू केलं. मी खाकरले. बाई हसून वळल्या. मास्तरांनी टाइप केलं, मी बोलले, आणि बाईंचं हसू मावळलं.

"कोण आलंय हो?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पुन्हा टाइप केलं, "अगं, मीच आहे." तेही मी त्याच परक्या आवाजात म्हणाले. बाई दोन पावलं मागे सरल्या.

बाईंकडून कळलं तशी मुलीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "दादा, दुसरी डिस्क?"

"पुसली ताई. बोलत होती ना ती, म्हणून वाटलं सगळं आलं." मुलीने स्वतःकडची प्रत उघडून पाहिली. नोकरीला जाताना तिनेही माझंच फोल्डर नेलं होतं. त्यात मी होते, माझं खाकरणं होतं. आवाज नव्हता.

म्हणून हात जोडून सांगते मित्रांनो, माझ्यासारखीला कुठे हलवाल तेव्हा कपाळावरची नावं वाचून थांबू नका. पोटातली ओळ न् ओळ वाचा. आणि ती चालते का, एवढंच बघू नका. जो तिला रोज ऐकतो, त्याला आधी ऐकवा.

आता मास्तर रोज दुपारी तेवढ्या खाकरण्यापुरतं मला सुरू करतात. मी त्यांच्या आवाजात खाकरते. "बोला, ऐकतेय," बाई म्हणतात. मग मास्तर मला बंद करतात, पण त्याआधी मला दिसतं. ते पेपर मांडीवर घेतात, बाईंचा तळवा हातात घेतात आणि बोटाने त्यावर एकेक अक्षर गिरवू लागतात. काल बंद करायचं राहून गेलं, तेव्हा पुढचंही ऐकू आलं. बाई तळव्यावरची अक्षरं जुळवत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, हे पेपरात नाहीये."

मास्तरांचं उत्तर मला पाठ होतं, पण ते बोलायला माझ्याकडे त्यांचा आवाज नव्हता.