मौनीबुवांची बडबड

बाईंना एक परकी भाषा यायची, ती बेकरीतली. लग्न झाल्यावर नवरा-बायको दोघंही समुद्रापलीकडच्या त्या थंड देशात गेले, तिथल्या एका बेकरीत पडेल ते काम केलं आणि काही वर्षांनी परत येऊन इथे स्वतःची भट्टी घातली. त्यामुळे पीठ, खमीर, कडेने करपलेला पाव, उशिरा येणारा कामगार आणि त्याला मालक घालतो त्या शिव्या, एवढ्या विषयांवर बाई त्या भाषेत घडाघडा बोलायच्या. बाकीची भाषा त्यांनी नंतर वाचून कमावली. गल्ल्यावर बसल्या बसल्या औषधांच्या खोक्यांतली पत्रकं, शिवणयंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं, असलं काहीबाही त्या लोकांना भाषांतर करून द्यायच्या.

म्हणून गावाबाहेरच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्या बनवणाऱ्या, त्याच थंड देशातल्या कंपनीने इथल्या लोकांना शिकवायला आपला माणूस पाठवला, तेव्हा दुभाषी म्हणून बोलावणं आलं ते बाईंनाच.

"मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कळायची गरज नाही, त्यांना कळलं म्हणजे झालं," असं उत्तर मिळालं.

नवऱ्याने पीठ मळता मळता मत दिलं, "जा की. एवढी वर्षं माझ्याशीच बोलून तुझी जीभ बोथट झालीय. जरा परजून ये."

पण जीभ परजायची संधीच मिळेना. आलेला माणूस उंच, हाडकुळा, निवृत्तीला टेकलेला आणि कमालीचा अबोल. सकाळी 'नमस्कार', दुपारी 'जेवा', संध्याकाळी 'उद्या'. मध्ये एखादा स्क्रू हातात धरून 'हा' आणि दुसरा धरून 'हा नव्हे'. शिकाऊ मंडळींनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव मौनीबुवा ठेवून टाकलं. बाई पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि मनात म्हणायच्या, आपण फुकटचा पगार खातोय.

शिकणाऱ्यांत दोघं पुढे होते. एक पैलवान. नाव पैलवान, पण अंगावर मूठभर मांस नाही. आधी बसगाड्या दुरुस्त करायचा. दुसरी ताई. ती वीजमंडळात खांबांवर चढणारी वायरमन होती. प्रश्न विचारायला जराही न लाजणारी. पहिल्या दिवशी बाईंनी वंगणाला 'लोणी' म्हटलं तेव्हा शेडमध्ये हशा पिकला. पण ताई म्हणाली, "कळलं ना? मग लोणी तर लोणी." पाती ज्या जाडजूड लोखंडी गोळ्यात बसवतात, त्याला काय म्हणावं हे बाईंना सुचेना. पैलवान म्हणाला, "चाकाच्या मधोमध असतो तो तुंबा. त्यात काय एवढं!" तेव्हापासून तो तुंबा झाला.

पंधरवड्याने मौनीबुवा एका सकाळी म्हणाले, "आज वर."

बाईंनी ते मराठीत सांगितलं आणि आपल्या पिशवीतलं विणकाम काढलं. मौनीबुवांनी कमरेला बांधायचे पट्टे त्यांच्यासमोर धरले. "तुम्हीसुद्धा."

"मी? मी घरी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढत नाही!"

मौनीबुवा पट्टे धरून तसेच उभे राहिले. ते काही बोलले असते तर बाईंनी वाद घातला असता. गप्प माणसाशी भांडणार कसं?

खालच्या दारातून त्या आत शिरल्या आणि मान वर केली. बाहेरून पांढरी, नाजूक दिसणारी ती नळी आतून एखाद्या बांधीव विहिरीसारखी होती, फक्त उलटी, वर वर जाणारी. शिडी सरळ त्या उंचीत जाऊन दिसेनाशी होत होती. त्यांच्या पट्ट्याची कडी शिडीमधल्या तारेला अडकवली गेली. पुढे ताई, मागे पैलवान. "बाई, खाली बघायचं नाही, वर बघायचं नाही. समोरची पायरी तेवढी आपली," ताईने बजावलं. मध्ये मध्ये लोखंडी माच्या होत्या, तिथे बसून त्या धापा टाकायच्या. अर्ध्यावर कधीतरी त्यांना कळलं की अख्खा मनोरा हळूच डोलतोय. एवढं पोलाद, आणि डोलतंय! "तो डोलतो म्हणून मोडत नाही," मौनीबुवा वरून म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य ते.

वरच्या खोलीत पोचल्यावर बाईंना आपली बेकरीच आठवली. तेवढीच जागा, तशीच मध्ये मांडलेली अवजड यंत्रं आणि त्यांच्या कडेने अंग चोरून चालायची वाट. छताला काचेसारखं पारदर्शक झाकण होतं. मौनीबुवांनी ते उघडलं आणि बाईंना खूण केली. त्यांनी डोकं बाहेर काढलं.

पुढची काही मिनिटं त्यांना भीती वाटायचीच राहून गेली. समोर थांबवलेल्या चक्कीचं पातं उभं होतं. खालून ते दाढीच्या ब्लेडएवढं दिसायचं. इथून त्याचं बूड एखाद्या खोलीएवढं रुंद होतं आणि टोक आभाळात कुठेतरी निमुळतं होत गेलं होतं. त्याला एकही सरळ रेष नव्हती. प्रत्येक ठिकाणी ते किंचित वळलेलं, जसं काही कोणी ओल्या पिठावरून अलगद हात फिरवला असावा. आणि त्याच्या मागे माळ. माळावरच्या उंच गवतात वारा दिसत होता. हो, दिसत होता! दूर क्षितिजाजवळ गवत वाकायचं, ती वाकण सरकत सरकत जवळ यायची, आणि मग क्षणभराने त्यांच्या गालाला लागायची. जन्मभर वारा अंगावर घेतलेल्या बाईंना तो येताना पहिल्यांदा दिसला.

"काय म्हणतात ते?" पैलवानने खालून विचारलं.

"काही नाही म्हणत," बाई म्हणाल्या. "आणि मीही नाही."

तुंब्यात रांगत जायची वाट होती. आत एक करडी पेटी होती, कुलूप लावलेली. ताईने तिच्यावर बोट ठेवलं. "यात काय आहे?"

बाईंनी प्रश्न पोचवला. मौनीबुवा म्हणाले, "चक्कीचं डोकं. वारा किती, त्यावर पाती किती वळवायची, ते ही पेटी ठरवते. पेटी उघडून दाखवायची नाही, असं करारात आहे. बिघडली तर आमचा माणूस येईल."

"यायला किती दिवस लागतील?"

"कित्येक आठवडे."

"आणि तोवर वारा थांबेल का?" ताई म्हणाली.

बाईंनी हेही जसंच्या तसं सांगितलं, आवाज न चढवता. मौनीबुवांनी पेटीचं कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि उतरायला वळले.

पुढे काही दिवसांतच कडेची एक चक्की बंद पडली. बाकीच्या गरगर फिरत होत्या, ही मात्र रुसल्यासारखी उभी. मौनीबुवांनी आपल्या कंपनीला फोन केला, पेटी कोणासमोर उघडायची नाही हे पुन्हा ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "वर."

तुंब्यात ते पेटीसमोर बसले. खिशातून किल्ली काढून तळहातावर ठेवली आणि बाईंकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी विषयाशी संबंध नसलेलं काही सांगितलं. ते तरुण असताना त्यांच्या देशातही चक्क्या नव्हत्या. शेजारच्या देशातून एक म्हातारा सुतार आला होता. स्वतःच्या परसात लाकडाची पाती घडवून वीज काढलेला. त्याला कोणी काही विचारायच्या आतच तो सांगत सुटायचा. जेवताना सांगायचा, चालताना सांगायचा. सांगता सांगता त्याचा घसा बसायचा.

"मला शिकवायला मनाई आहे," मौनीबुवा म्हणाले. "पण काम करताना मी स्वतःशी बडबडलो, तर त्याला करारात कुठे मनाई नाही. आणि तुम्ही काय ऐकायचं नि कोणाला सांगायचं, हे मला कोणी विचारलेलं नाही."

बाईंनी हे मराठीत सांगितलं. ताई आणि पैलवान रांगत पुढे सरकले. मग किल्ली फिरली.

आणि तो माणूस जो बोलायला लागला! जणू कित्येक वर्षं तुंबलेलं पाणी सुटलं. ही तार कुठून येते, हा दिवा का लुकलुकतो, हा आकडा खोटं कधी बोलतो. दर पात्याच्या बुडाशी एक मोटर आहे, ती पातं त्याच्या जागेवरच वळवते. वारा मंद असला की पातं वाऱ्याला छाती देतं, वादळ आलं की कड देतं. बाई मागे पडायला लागल्या, त्यांना शब्द सापडेनात. तेवढ्यात पैलवान ओरडला, "अहो, बसच्या खिडकीतून हात बाहेर काढतो तसं! तळवा समोर धरला की हात मागे फेकला जातो, आडवा केला की सुर्रकन कापत जातो." बाईंनी ते उलटं भाषांतर करून मौनीबुवांना ऐकवलं. ते खो खो हसले, हाताने करून बघितलं आणि पुन्हा बोलायला लागले.

"बुवांना वाचा फुटली," पैलवान पुटपुटला.

"हे सांगू का त्यांना?" बाईंनी विचारलं.

"नका हो!"

दुपार होईस्तोवर बाईंचा घसा बसला. दोष तसा क्षुल्लक होता. तीनपैकी एका पात्याचा कोन पेटीला चुकीचा कळत होता, आणि पाती एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटलं की पेटी सगळंच बंद ठेवायची. कोन मोजणारी ती छोटी चकती ताईने स्वतः काढली, दुसरी बसवली आणि मौनीबुवांची बडबड ऐकत ऐकत नव्या चकतीला कोनाचं शून्य कुठे ते शिकवलं. मौनीबुवांनी हात मुद्दाम पाठीमागे बांधून ठेवले होते.

सगळे तुंब्यामागच्या खोलीत आले, झाकणं लावली गेली. ताईने ब्रेक सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग छताच्या काचेतून दिसलं, वरचं पातं आपल्या जागी सावकाश वळलं, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसं. दुसरी दोन्ही तशीच वळली असणार, कारण तेवढ्यात पायाखालचा पत्रा शहारला. पातं काचेवरून सरकून गेलं. दुसरं आलं. त्याची सावली चौघांच्या चेहऱ्यांवरून गेली, मग तिसऱ्याची. जाडजूड दांडा फिरू लागला, खोलीभर एक खोल घुमारा भरला, तो कानांआधी छातीत ऐकू येत होता. दूरवर कुठूनतरी निघालेला, कोणाच्याच मालकीचा नसलेला वारा त्यांच्या पायांखालून तारेत उतरत होता. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला ते कळतही नव्हतं. पैलवानने टोपी काढून हातात घेतली होती. बाईंच्या मनात आलं, आता कोणी काही बोलू नये.

खाली उतरल्यावर मौनीबुवांनी सगळ्यांदेखत कंपनीला फोन लावला. बाईंना एकच बाजू ऐकू येत होती. "हो, पेटी उघडली. हो, त्यांच्यासमोर. नाही, शिकवलं नाही. बोललो." मग बराच वेळ पलीकडूनच बोलणं चाललं. "ठीक आहे," एवढं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला आणि बाईंना सांगितलं की आपल्याला मुदतीआधीच परत बोलावलंय.

मौनीबुवांच्या जायच्या दिवशी बाईंच्या नवऱ्याने त्यांच्यासाठी भट्टीतून नुकताच काढलेला पाव बांधून आणला. त्यांनी तो तिथेच मोडला, वास घेतला आणि बाईंना म्हणाले, "आमच्यासारखाच झालाय."

"तिथेच तर शिकलो," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडच्या मालकाने कधी काही झाकून ठेवलं नाही. शिव्या तेवढ्या घातल्या."

मग वादळी वाऱ्याचे दिवस आले. एका पहाटे दोन चक्क्या एकदम बंद पडल्या. कंपनीचा माणूस यायला आठवडे लागणार होते. ताईने आणि पैलवानने वारा उतरायची वाट पाहिली आणि मौनीबुवा जाताना 'विसरलेली' किल्ली घेऊन ते चढले. सवयीने बाईंनाही निरोप गेला. वर भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं, तरी बाई चढल्या. आता त्या माचीवर बसून दम खाताना विणकामाचे टाके मनात मोजायच्या. दोघं आपापसांत भांडत, एकमेकांच्या चुका काढत काम करत होते. बाई कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. दुपारनंतर पहिली चक्की फिरली. तिच्यातून उतरून ते दुसरीत चढले, आणि सूर्य मावळायच्या आत तीही फिरली.

"त्यांना सांगा ना," ताई म्हणाली.

बाईंनी वरूनच फोन लावला. पलीकडे मौनीबुवांनी तो लगेच उचलला. बाईंनी सगळं सांगितलं: काय बिघडलं होतं, कोणी काढलं, कोणी बसवलं. तिकडून काहीच आवाज येईना. लाइन तुटली असं त्यांना वाटलं.

"ऐकताय ना?"

"हो," ते म्हणाले. मग, "वारा कसा आहे?"

बाईंनी छताचं झाकण उघडून डोकं बाहेर काढलं. माळावर गवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोळण घेत होतं, उन्हात चमकत होतं, आणि त्यावरून ढगांच्या सावल्या धावत येत होत्या.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "येतोय अजून. मागून आणखी येतोय."

"फोन दांड्याजवळ धरा," मौनीबुवा म्हणाले.

ताईने फोन घेतला आणि फिरत्या दांड्याच्या जितक्या जवळ नेता येईल तितका नेला. घुमारा चालू होता. समुद्रापलीकडे एक म्हातारा माणूस आपल्या घरात बसून तो ऐकत होता. पैलवान काहीतरी बोलायला गेला, पण बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ताईचा हात अवघडला तेव्हा तिने दुसऱ्या हातात फोन घेतला, आणि तो तसाच धरून ठेवला.