निळ्या ठिपक्यांची गल्ली

गल्लीत नरसंहार झाला, असा निकाल चौकशी आयोगाने दिला. एकशे बारा पानं, सही-शिक्क्यासह. आता असं काही झालंच नाही असं धरून गोष्ट सुरू करू. गल्लीतही सगळे तसंच धरून चालतात, आपण एकट्यानेच कशाला वेगळं पडायचं?

तर गल्लीत एक पेंटर होता. घरांच्या नंबराच्या पाट्या रंगवायचा. शेजारी, सतरा नंबरात, टेलरमास्तर. दोघांच्या दुकानांत एकच भिंत, आणि तीही इतकी पातळ की मास्तर शिंकले की पेंटरची रेघ हलायची. चहा आला की मास्तर लाकडी पट्टीने भिंतीवर तीन ठोके द्यायचे. पेंटरने ब्रश ठेवून यायचं, हा वीस वर्षांचा करार.

पेंटरचे शर्ट मास्तरच शिवायचे, आणि उजवी बाही मुद्दाम दोन बोटं आखूड ठेवायचे, ओल्या रंगात बुडू नये म्हणून.

"लोक विचारतात, मास्तरांचं माप चुकलं का," पेंटर कुरकुरायचा.

"सांग त्यांना, माप बरोबर आहे, हात चुकलाय."

मास्तर नदीपारचे. म्हणजे त्यांचे पणजोबा नदी ओलांडून आले होते. खुद्द मास्तरांना पोहताही येत नव्हतं. गल्लीत अशी तेवीस घरं. त्यांची प्रार्थना वेगळी, घरात बोलायची भाषा वेगळी. नळ मात्र एकच, त्यामुळे भांडणं सगळ्यांना समजतील अशा भाषेत व्हायची.

आधी सरकारी फॉर्मात एक रकाना वाढला: अलीकडचे की पलीकडचे. लोक हसले. मग रेडिओवर एक जण रोज सकाळी पलीकडच्यांना वाळवी म्हणायला लागला. त्याचा आवाज छान होता, म्हणून तेही लोकांनी ऐकून घेतलं. मग मार्चमध्ये वॉर्ड ऑफिसातले भाऊसाहेब यादी घेऊन पेंटरकडे आले. तेवीस पाट्यांवर, उजव्या कोपऱ्यात, एकेक निळा ठिपका.

"कशासाठी?"

"सोयीसाठी."

"कोणाच्या?"

"तू रंगाचं बघ रे बाबा."

पेंटरने रंगाचं बघितलं. मास्तर स्टुलाला टेकून उभे होते. "माझा जरा गोल काढ हं. माझ्या गिऱ्हाइकांना नीट काम बघायची सवय आहे." पेंटरने नाणं ठेवून ठिपका काढला. इतका गोल आला की मास्तरांनी वाहवा केली. सवयीप्रमाणे पेंटरने प्रत्येक पाटी उलटून मागे बारीक अक्षरांत काम आणि तारीख लिहिली. उस्तादाने लावलेली सवय; उद्या कोणी तक्रार केली तर काम कधीचं ते कळावं.

नोव्हेंबरात, भर दुपारी, ट्रक आले. त्यांना गल्लीत कोणालाही पत्ता विचारावा लागला नाही.

भिंतीवर तीन ठोके पडले. चहाची वेळ नव्हती. पेंटर ब्रश धूत बसला. थोड्या वेळाने पुन्हा तीन. पेंटरने तोच ब्रश पुन्हा धुतला. मग ठोके थांबले. इतका स्वच्छ ब्रश त्याच्याकडे पुन्हा कधी झाला नाही.

पलीकडचे नदीपार सापडले. पाण्यात नव्हे, काठावरच्या खड्ड्यात. सगळे नाहीत, काही अजून मोजायचेच आहेत.

महिन्याभरात त्या घरांत तेवीस नवी बिऱ्हाडं आली आणि ऑफिसने सांगितलं, ठिपके पुसून टाक, पाट्या कोऱ्या दिसल्या पाहिजेत. पेंटरने त्यांवर पांढरा रंग मारला. प्रायमर न लावता. निळा रंग चिवट असतो, प्रायमर नसला की दोन उन्हाळ्यांत वर येतो, हे त्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

दोन उन्हाळे गेले. सतरा नंबरातली नवी बाई दुकानात आली. "काका, आमच्या पाटीला गोवर आलाय का?"

बघता बघता तेवीस पाट्यांना गोवर आला. घरात शिरताना लोक कोपऱ्याकडे बघेनासे झाले. बायकोने पेंटरला विचारलं, "अहो, प्रायमर संपला होता, की तुम्ही संपवलात?"

"आठवत नाही."

"वाटलंच."

मग सरकार बदललं आणि आयोग यायचं ठरलं. आदल्या दिवशी भाऊसाहेब प्रायमरचा डबा घेऊन हजर. "आजच्या आज. पाट्यांमागे तुझंच अक्षर आहे, विसरू नकोस. मी नुसतं तोंडी सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी आयोगाच्या वकीलबाई आल्या तेव्हा डबा सीलबंद होता.

"किती माणसं मारली की नरसंहार होतो?" पेंटरने विचारलं.

"आकड्यावर नसतं ते," बाई म्हणाल्या. "एखादा समाज, तो तो समाज आहे म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करायचा हेतू लागतो. इथले अधिकारी म्हणतात, नळावरचं भांडण अचानक पेटलं. हेतू दाखवता येत नाही."

"अंशतः म्हणजे एक टेलर चालेल?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

पेंटर स्टूल घेऊन सतरा नंबरापाशी गेला, पाटी काढली आणि उलटी करून त्यांच्या हातात दिली. 'निळा ठिपका, ९ मार्च.' खाली साल. ट्रक त्याच सालच्या नोव्हेंबरातले. मधे आठ महिने.

"अशा तेवीस आहेत," तो म्हणाला. "भांडण अचानक पेटलं असेल, तर ठिपके फार लवकर आले."

"हे अक्षर तुमचं आहे. तुमच्यावरही खटला होईल. कळतंय ना?"

"हो. ठिपकाही माझाच. गोल आहे, बघा."

निकालाच्या सत्त्याऐंशीव्या पानावर 'साहाय्य करणारे' या मथळ्याखाली पेंटर आहे. भाऊसाहेब कुठल्याच पानावर नाहीत. शिक्षेच्या नोटिशीसोबत एक छापील फॉर्म आला: काही विनंती असल्यास तीन प्रतींत सादर करावी. पेंटरने रेडीमेड शर्टाची बाही दुमडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'मा. महोदय, अर्जदारास शिक्षा मान्य आहे. तथापि, घर नंबर सतरामधील टेलरमास्तर यांना त्यांच्या शिलाई मशीन व लाकडी पट्टीसह मूळ जागी पूर्ववत रुजू करून घ्यावे, भिंतीवर तीन ठोके देण्याची त्यांना पुनश्च परवानगी द्यावी, व अर्जदाराच्या शर्टाची उजवी बाही दोन बोटे आखूड करून देण्याबाबत त्यांना आदेश व्हावेत. अर्जदार या खेपेस पहिल्या ठोक्यालाच हजर राहील. सोबत: शर्ट, एक नग.'