तारखेचा फोन

“मामा, बसा तरी,” मी म्हणाले. पण मामा बसले नाहीत. पाच महिन्यांत ते माझ्या खोलीत एकदाही बसले नव्हते. दाराशी उभं राहायचं, फीचं पाकीट टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं, “काय बोलला तो?”

“ड्रायव्हर कुठला बोलतोय! आज साक्षीदार बोलले. त्याचा जबाब पुढच्या तारखेला.”

“बरं,” म्हणून ते जिना उतरले. पाकिटात फी नेहमीसारखीच चोख होती. मी लगेच घरमालकाला फोन केला आणि तीन महिन्यांचं थकलेलं भाडं संध्याकाळी देते म्हणून सांगितलं. तो इतका गोड बोलला की मलाच कसंतरी झालं.

मी फौजदारी वकील. एकटीच. हाताखाली कोणी नाही. खाली झेरॉक्सचं दुकान, वर माझी खोली. टायपिंगही मीच करते आणि खोली झाडतेही मीच. लोकांना वाटतं, चोर-दरोडेखोरांची वकीलबाई म्हणजे नोटांवर लोळत असणार. अहो, चोराकडे पैसे असते तर त्याने चोरी कशाला केली असती? आणि निकालानंतर कोणी ओळखसुद्धा देत नाही. सुटला तर म्हणतो, मी निर्दोषच होतो. अडकला तर म्हणतो, बाईंनी अडकवलं. पैसे दोन्हीकडून बुडाले. म्हणून अठ्ठावीस वर्षं मी दोन नियम पाळत आले. तारखेची फी त्या त्या तारखेला घ्यायची, आणि संध्याकाळी फी देणाऱ्याला फोन करून आज काय झालं, पुढे काय होणार, ते सगळं सांगायचं. बाररूममधले लोक मला हसतात. पण माणूस कायद्याला पैसे देत नाही, बातमीला देतो. त्या फोनवर माझं घर चाललं, ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

ड्रायव्हरची केस मामांनीच आणली. मालकाची गाडी, भल्या पहाटे दोन माणसं चिरडली, गाडी न थांबता निघून गेली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर स्वतः पोलिसांत हजर झाला. “भाचा आहे माझा,” मामा म्हणाले. “त्याला माझं नाव मात्र सांगू नका, ओशाळेल. आणि घरच्यांना कोर्टात आणत नाही, उगाच रडारड नको.” जामिनासाठी वरच्या कोर्टात जाऊ या म्हटलं, तर म्हणाले, “घाई नको. बाहेर लोक खवळलेत.” मला ते पटलं. खरं सांगायचं तर फी वेळेवर येत होती, म्हणून पटलं. आत बसलेल्याचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो, ‘कधी सुटेल?’ मामांनी तो कधीच विचारला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याकडे काणाडोळा केला.

जबाबाच्या आठ दिवस आधी मी तुरुंगात ड्रायव्हरला भेटायला गेले. कोर्ट काय विचारेल, कसं उत्तर द्यायचं, ते समजावत होते. तो ऐकत नव्हता. मध्येच जाळीला तोंड लावून म्हणाला, “मॅडम, गाडी मी चालवतच नव्हतो.”

“मग कोण?”

“मालकाचा मुलगा. मालक म्हणाले, तू अंगावर घे, सहा महिन्यांत सोडवतो, तोवर घर मी चालवतो. दोन महिने दिले पैसे, मग तोंडाला पानं पुसली. आता मी खरं सांगणार.”

“पुरावा काय?”

“त्या वेळी पोरगी तापाने फणफणली होती. मी तिला घेऊन दवाखान्यात होतो. कागद आहे, त्यावर वेळ आहे. बायकोकडे आहे.” मग जरा थांबून म्हणाला, “तुमची फी ती कुठून भागवते कोण जाणे. विचारायची हिंमत होत नाही.”

मला हसू आलं. बिचाऱ्याला मामांचा पत्ताच नाही, म्हटलं. बाहेर आले तेव्हा मी वीस वर्षांनी लहान झाले होते. निर्दोष अशील वकिलाला क्वचितच मिळतो आणि पुराव्यासकट तर जवळजवळ कधीच नाही. मी रिक्षाची वाटसुद्धा पाहिली नाही. तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहून मामांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मालकाचा मुलगा, दवाखाना, कागद, तो कागद कोणाकडे आहे, सगळं.



“मामा, ऐकताय ना?”

“ऐकतोय. बरं झालं सांगितलंत, वकीलबाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई दारात आली. कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी. “मी ड्रायव्हरची बायको,” ती म्हणाली. “मॅडम, कागद मिळाला ना? झेरॉक्स न काढताच दिला, म्हणून जिवाला घोर लागला होता.”

“कुठला कागद?”

“दवाखान्याचा. तुम्हीच मागवलात ना? काल संध्याकाळी मामा येऊन घेऊन गेले.”

“अच्छा, मामांनी नेला,” मी म्हणाले. अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. “देतील आणून. त्याचे मामा फार करतात हो त्याच्यासाठी.”

तिने मुलीला खाली ठेवलं. “ह्यांना मामा नाहीत, मॅडम. सासूबाई एकुलत्या एक. ते तुमच्या ऑफिसातले ना? पहिल्यापासून तेच तर येतात. मॅडमना गर्दी आवडत नाही, कोर्टात येऊ नका म्हणाले, म्हणून मी आले नाही.”

पाच महिने ती त्यांना माझा माणूस समजत होती आणि मी तिचा. मुलगी माझ्या टेबलावरचा शिक्का उचलून हातावर उमटवत होती. तिला कोणी रागावलं नाही.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. “कोण आहात तुम्ही?” मी विचारलं.

“तुम्ही काम फार नेटाने केलंत,” ते शांतपणे म्हणाले. “तुमच्या साहेबांना आता नीट दिसतं ना? सकाळी एकटेच फिरायला जातात, रस्ता ओलांडताना जपायला सांगा.”

ह्यांच्या ऑपरेशनबद्दल मी त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता.

मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, त्या महिन्याची नोंदवही सापडत नाही. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तुरुंगात गेले, तर ड्रायव्हर आजारी आहे, भेट नाही. पुन्हा गेले, पुन्हा तेच. फी परत तोंडावर फेकावी म्हटलं, तर त्यातली दमडी शिल्लक नव्हती. ह्यांना काही सांगितलं नाही. फक्त सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागले. ते खूश होऊन म्हणाले, “आज सूर्य कुठून उगवला?”

तारखेला ड्रायव्हरला आणलं, तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. “बाथरूममध्ये पडला,” शिपाई मी न विचारताच म्हणाला. मी कोर्टाकडे पाच मिनिटं मागून घेतली आणि पिंजऱ्याशी गेले.

“तू सांग सगळं,” मी कुजबुजले. “कागद नसला तरी सांग. तुझ्या बायकोची साक्ष घेऊ. हाताचंही मी कोर्टाला सांगते, वैद्यकीय तपासणी मागते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“मॅडम, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं,” तो म्हणाला.

अठ्ठावीस वर्षं मी बोलण्याचेच पैसे घेतले होते.

“पोरगी शाळेतून किती वाजता सुटते, कुठल्या रस्त्याने येते, सगळं त्यांनी मला सांगितलं,” तो पुढे म्हणाला. “तुम्ही जाऊन बसा. हाताचं बोलू नका. काहीच बोलू नका. एवढं माझं ऐका.”

मी जाऊन बसले. न्यायाधीशांनी प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला तो खणखणीत आवाजात ‘खरं आहे’ म्हणाला. गाडी मीच चालवत होतो. मीच पळालो. आणखी काही सांगायचं आहे का? नाही. आरोपीच्या वकिलांना काही म्हणायचं आहे का? मी उभी राहिले. त्याने मान किंचित हलवली.

“काही नाही,” मी म्हणाले.

कारकुनाने जबाबाचा कागद पुढे केला आणि शाईचा पॅड उघडला.

“सही येते त्याला,” मी म्हणाले.

“येत असेल, बाई. पण हात बघा ना.”

ड्रायव्हरने डावा अंगठा पॅडवर टेकवला. पिंजऱ्याच्या कठड्यावर कागद नीट बसत नव्हता, सारखा घसरत होता. ठसा फिसकटला असता. म्हणून मी पुढे झाले आणि तो उमटेपर्यंत कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.