गोठ्यातल्या नळाचं पाणी

सिंकखालचं कपाट उघडून ती मुलगी गुडघ्यांवर बसली, साबणाची बाटली आणि बटाट्यांची टोपली बाजूला सारून तिने आत डोकं घातलं.

"मिस्टर कोल्ब," ती आतूनच म्हणाली, "हा फिल्टर कधीपासून आहे?"

कोल्बच्या एका हातात कॉफी होती, दुसऱ्या हातात चोकचेरीचा जॅम लावलेलं बिस्किट.

"कसला फिल्टर?"

व्हर्ना हाउसर हसली. सत्तरी ओलांडलेली ही बाई, पुरुषांना घरातलं काही दिसत नाही हे तिला काही नवीन नव्हतं. "अकरा वर्षं या टेबलाशी बसताय आणि फिल्टर माहीत नाही? आमच्या जावयाने बसवलाय. नऊ वर्षं झाली की! किटलीत चुन्याचे थर बसायचे नुसते."

मुलगी कपाटातून बाहेर आली. मारिसेला ओर्नेलास तिचं नाव, वय तिशीच्या आसपास, जाकिटावर राज्य सरकारचा कोरा करकरीत बिल्ला. ती हसली नाही. तिने कोल्बकडे पाहिलं, आणि कोल्बने हातातलं बिस्किट बशीत ठेवून दिलं.

हाउसरांच्या कुंपणापासून दीड मैलावर युरेनियमची गिरणी आहे. तिथे दगड दळतात, आम्लात धुतात, पिवळा माल काढून नेतात आणि उरलेला गाळ तळ्यात सोडतात. त्या तळ्यातलं काही जमिनीत मुरतंय का, हे बघायला इतकी वर्षं वॉशिंग्टन सरकारचा माणूस म्हणून कोल्ब यायचा. एक ऑक्टोबरपासून ते काम राज्याकडे जाणार होतं. आमच्याकडे त्याचं कोण कौतुक! कौंटीच्या जत्रेत आमदाराने भाषण ठोकलं: आपल्या गिरणीवर आता आपलीच माणसं लक्ष ठेवणार, दोन हजार मैलांवरच्या साहेबांची कटकट संपली. लोकांनी टोप्या उडवल्या. फाइलींचे खोके कुणी वाहायचे आणि विहिरी कुणी दाखवायच्या, हे काही भाषणात नव्हतं. ते कोल्बच्या गळ्यात पडलं. सप्टेंबरभर तो मारिसेलाला एकेक विहीर दाखवत, एकेक फाइल तिच्या हवाली करत हिंडत होता.

"नमुना विहिरीजवळच्या नळातून घ्यायचा असतो," मारिसेला म्हणाली. "फिल्टरच्या आधी."

"माहीत आहे मला."

माहीत होतंच. पण पहिल्या वर्षी तो फेब्रुवारीत आला, तेव्हा विहिरीजवळच्या, गोठ्यातल्या नळात बर्फ धरला होता, आणि वारा असा की ट्रकचं दार उघडावं तर बिजागरीसकट उडून जाईल. आमच्याकडे अशा वाऱ्यात दारी आलेल्या माणसाला कुणी बाहेर उभं करत नाही, मग तो सरकारी का असेना. व्हर्नाने त्याला दंडाला धरून आत ओढलं, कॉफी पुढे केली आणि म्हणाली, पाणीच हवंय ना, मग हे घ्या की, विहीर एकच आहे. तेव्हा ते खरंही होतं. दोन वर्षांनी फिल्टर आला. तोवर कोल्बची खुर्ची ठरून गेली होती आणि बाटली भरायचा नळही. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

मारिसेलाने सिंकच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, खिशातून पेनाएवढं यंत्र काढलं आणि त्यात बुडवलं. बावीस. मग तिघं अंगण ओलांडून गोठ्यात गेली. तिने नळ पाच मिनिटं वाहू दिला, मग तेच यंत्र त्या पाण्यात धरलं. नऊशे चाळीस.

"हे युरेनियम मोजत नाही, नुसते क्षार मोजतं," ती व्हर्नाला म्हणाली. आवाज मऊ होता तिचा. "पण घरात येतं ते हे पाणी नाही, एवढं नक्की. मी बाटली भरून नेते. अहवाल येईपर्यंत नळाला लाल पट्टी बांधते. हे पाणी कोण पितं?"

"जनावरं," व्हर्ना पटकन बोलून गेली.

कोल्ब नळाच्या वर, खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या मगाकडे बघत होता.

त्या वेळी व्हर्नाचा नवरा डेल्मर बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर, आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. आदल्या दिवशी डायलिसिस झालं की दुसरा दिवस त्याचा असाच जायचा. आठवड्यातून तीन दिवस, सत्तर मैल जायला आणि सत्तर मैल यायला. दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी झाली. साखर म्हणाले, रक्तदाब म्हणाले, वय म्हणाले. नक्की कशाने, ते कुठल्याच डॉक्टरने छातीठोकपणे सांगितलं नाही.

आणि फिल्टर बसवल्या दिवसापासून डेल्मरने घरातल्या नळाचं पाणी तोंडात घेतलं नव्हतं. "मेलेलं पाणी आहे ते," म्हणायचा. "चव ना ढव." गोठ्यात जायचा, तो पत्र्याचा मग भरायचा आणि गटागटा प्यायचा. कोल्बच्या कचेरीचा कागद आला की तो फ्रिजवर लावायचा आणि चष्मा चढवून मोठ्याने वाचायचा: युरेनियमची मर्यादा तीस, तुमचं दोन. "बघ गं, वॉशिंग्टन काय म्हणतोय! झकास आहे माझं पाणी." कोल्बला तो कायम वॉशिंग्टनच म्हणायचा. आजारी पडल्यावर डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरवर आणलं, तर ते लिटरही त्याला गोठ्यातलंच लागायचं. रोज सकाळी व्हर्ना पाण्याचा जग भरून आणायची. तिच्याच हाताने.

त्या संध्याकाळी तिने दुकानातल्या बाटलीतलं पाणी त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"गोठ्यातल्या नळाचा वॉशर गेलाय."

"मग आण की पाना. दोन मिनिटांचं काम आहे."

"उठून बसताना कण्हतोस, आणि निघाला वॉशर बसवायला! पी गुपचूप."

"दुकानातलं पाणी," डेल्मर पुटपुटला. "लोक हसतील मला." पण प्यायला. एक्कावन्न वर्षांच्या संसारात व्हर्ना त्याच्याशी दोनदा खोटं बोलली होती, दोन्ही वेळा वाढदिवसाच्या भेटीवरून. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

एकोणतीस तारखेला दुपारी कोल्ब एकटाच आला. ट्रक फाटकाबाहेर थांबवला आणि तिथेच उभा राहिला. व्हर्ना वाऱ्यात डोक्याचा रुमाल एका हाताने धरत फाटकापर्यंत गेली. तिने त्याला आत ये म्हटलं नाही.

"एकशे अठरा," कोल्ब म्हणाला.

सेजच्या झुडपांवरून वारा सपासप येत होता. व्हर्नाने फाटकाची आडवी पट्टी घट्ट धरली.

"माझं दप्तर उद्या संध्याकाळी बंद होतं," तो म्हणाला. "मी काहीच नाही लिहिलं, तर राज्य परवापासून गोठ्यातल्या नळाने नवी सुरुवात करेल. मागची वर्षं जशी आहेत तशी राहतील. मर्यादेत. कुणी उघडून बघणारही नाही."

"आणि लिहिलं तर?"

"नऊ वर्षांचे नमुने चुकीच्या नळाचे होते, असं लिहावं लागेल. ते पाणी कोण पीत होतं, तेही. मग नियमाप्रमाणे जमीनमालकाला पत्र जातं."

जमीन डेल्मरच्या नावावर होती.

"जनावरं नाहीत पीत, कोल्ब," व्हर्ना म्हणाली. "म्हणजे, तीही पितात."

"मला माहीत आहे." कोल्बने टोपी काढली. वाऱ्याने उरलेसुरले केस उभे राहिले. "मी पाहिलंय त्याला. तो पत्र्याचा मग घेऊन नळाशी. किती वेळा हात केलाय मी त्याला ट्रकमधून."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं तुमच्या?" व्हर्नाचा आवाज चढला. "शिकलेली माणसं तुम्ही! दर वर्षी बाटल्या भरून नेता, चिठ्ठ्या चिकटवता, आणि एवढं नाही सुचलं?"

"मला वाटायचं, एकच पाणी आहे." त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्याला भान राहिलं नाही. "खरंच सांगतो. मला वाटायचं, एकच पाणी आहे."

तिलाही तेच वाटत होतं. त्याच्यावर ओरडून तिचं दुःख तसूभरही कमी झालं नाही, उलट त्या माणसाची कीव आली आणि त्याचाही राग आला.

"खालच्या रस्त्याला तीन घरं आहेत," ती म्हणाली. "त्यांचं कधी तपासलंत?"

कोल्बने नकारार्थी मान हलवली. "तळ्याला सगळ्यात जवळची विहीर तुमची. तुमचं चांगलं, तर पुढचं चांगलंच, असं धरलं होतं."

"डंकनकडे जुळी आहेत. दीड वर्षाची."

"हो."

"त्यांची आई दूध कशात कालवत असेल?"

व्हर्नाने मागे वळून घराकडे पाहिलं. खिडकीत टीव्हीचा उजेड हलत होता. ते पत्र आलं तर डेल्मर ते चष्मा चढवून वाचणार, मोठ्याने, इतर सगळी पत्रं वाचायचा तसंच. एवढं एकच तिला टाळायचं होतं. त्याचे आता किती महिने राहिले होते, ते तिला नर्सने दबक्या आवाजात सांगितलं होतं. ते त्याने शांतपणे घालवावेत, आपण रोज काय प्यायलो हे त्याला कळू नये, आणि आपल्या बायकोने जग भरून काय आणून दिलं हेही. याहून जास्त तिने देवाकडे काही मागितलं नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली.

"व्हर्ना, सगळं?"

"सगळं. त्याचं नाव लिहा, फिल्टर लिहा. तुम्हाला आत बोलावणारी मी होते, तेही लिहा. आणि इथून आधी डंकनकडे जा. पत्र यायच्या आत मी त्याला सांगेन."

ट्रक खालच्या रस्त्याला लागेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. मग घरात आली, सिंकवर तोंड धुतलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन डेल्मरच्या शेजारी स्टुलावर बसली. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"वॉशिंग्टन आत नाही आला?"

"घाईत होता."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा." डेल्मर तिच्याकडे न बघता म्हणाला, "किती आला आकडा?"

"कसला आकडा?"

"व्हर्ना, वॉशर चांगला आहे." तो सावकाश बोलत होता, दम पुरवून पुरवून. "वॉशरचं सांगितलंस त्याच आठवड्यात तू बाजारात गेलीस, तेव्हा गेलो होतो मी गोठ्यात. जायला-यायला अर्धा तास लागला मेला. नळाला लाल पट्टी आहे. राज्याचा शिक्का आहे तिच्यावर."

व्हर्नाने वाटेत जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच गळून पडली.

"एकशे अठरा," ती म्हणाली.

"आणि घरातल्याचं?"

"दोन. तो इतकी वर्षं माझ्याच नळाचं नेत होता, डेल्मर. मीच बोलावलं त्याला आत. त्या फेब्रुवारीत."

"मग काय वाऱ्यात मारायचा होता त्याला?"

ती रडू लागली. डेल्मरने तिला रडू दिलं. सुया टोचून टोचून गाठी आलेला त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर पडला होता. तो त्याने उचलला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"एक विचारतो. खरं सांग."

"विचार."

"तू कधी प्यायलीस गोठ्यातलं?"

"नाही."

"कधीच नाही? गवत कापायच्या दिवसांत, उन्हातान्हात, माझ्या मगातून? नीट आठव."

"नाही रे. मला तो लोखंडाचा वास सहन व्हायचा नाही. तुला माहीत आहे ना. घरात येऊन प्यायचे मी."

डेल्मर खुर्चीत मागे टेकला. कितीतरी वेळ रोखून धरलेला श्वास त्याने सोडला.

"दोन आठवडे डोळ्याला डोळा नाही माझ्या," तो म्हणाला. "विचारायचा धीरच होत नव्हता."

मग त्याने डोळे मिटले. थोड्याच वेळात तो घोरायला लागला, आणि व्हर्ना त्याचा हात गुडघ्यावरून न हलवता तशीच बसून राहिली.