चामखिळ्या डुकराचं बीळ

दुपारच्या सामसुमीत दाराची कडी खळ्ळकन वाजली आणि जानकी दचकून जागी झाली. मेथी निवडता निवडता तिचा डोळा लागला होता.

रत्ना घरात शिरत होती. पाठमोरी, तोंड दाराकडे.

"अगं, सरळ ये ना!"

"मी चामखिळ्या डुक्कर आहे. ते बिळात असंच शिरतं. सिंह आला की सुळे तय्यार!"

नवऱ्याने, दत्तारामने, रद्दीतून आणलेल्या प्राण्यांच्या पुस्तकाने पोरीला वेड लावलं होतं. जानकी हसणार, तेवढ्यात तिची नजर लादीवर गेली. ओली पावलं उमटली होती, सगळी दाराकडे वळलेली. जणू कुणी घरातून निघून गेलं होतं आणि आत कुणी आलंच नव्हतं.

"पाय कशाला धुतलेस?"

"चिखल लागलेला."

मे महिन्यात अख्ख्या मुलुंडात चिखल असेल तर तो मागच्या बंद खाणीपाशी. तिथल्याच पाण्यात मंजुळाची पोर बुडालेली सापडली होती. या खोलीत आधी मंजुळा राहायची. मग ती गावी गेली, ती परतलीच नाही. शेजारच्या सुगंधाने हे सांगितलं तेव्हा जानकीचं सामान लागून गेलं होतं.

"मुंबईत कोरी जागा कुणाला मिळते गं?" दत्ताराम म्हणाला होता. "कुणी गेलं म्हणूनच आपण आलो ना?"

जानकीने वरची कडी लावली, रत्नाला ओढून मांडीवर घेतलं आणि दारालाच पाठ लावून बसली.

"खाणीवर पुन्हा गेलीस तर तंगडं मोडीन. आणि आज बाबांना सांगतेच, ही खोली नको."

"डुकराची गोष्ट सांग ना."

जानकी सांगू लागली. त्याच्या तोंडावर चामखिळींचे गोळे असतात. गवत खायला ते पुढचे गुडघे टेकतं. पळताना शेपूट काठीसारखं ताठ. बाप निराळा हिंडतो, पिल्लं आईपाशी. रात्री पिल्लं आधी बिळात, मग आई मागे मागे सरकत दार अडवते.

"तुझ्यासारखी?"

"हो गं, राणी."

"बीळ तीच खणते?"

"छे. दुसऱ्या कुणी खणून सोडलेलं असतं."

रत्ना जरा वेळ तिच्या बांगड्यांशी खेळत राहिली.

"आई, मग ज्यानं खणलं, ते का गं गेलं सोडून?"