आजोबांची झोप

नायजेरियातल्या इलेशा गावातल्या त्या घरात अडीच महिन्यांच्या बाळाला झोपेतून उठवायची कुणाची छाती नव्हती. यामचा कंद कुटायचा तर उखळ शेजारणीच्या अंगणात न्यायचं, रेडिओ बंद ठेवायचा. कोंबडा फार आरवतो म्हणून तो बिचारा मागच्याच रविवारी रश्शात गेला. कारण हे साधंसुधं बाळ नव्हतं. मोरेनिकेला दिवस राहण्याच्या थोडं आधी तिचे सासरे वारले, आणि पहिलाच मुलगा झाल्यावर म्हातारा परत आला असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवून टाकलं. बारशाला नावही तसंच ठेवलं, बाबावाले. म्हणजे बाप घरी आला.

सासरे जन्मभर गावाचे रात्रीचे पहारेकरी होते. लोखंडी नळी विजेच्या खांबांवर ठणठण आपटत फिरायचे, चोरांच्या नावाने ओरडायचे आणि दिवसभर घोरत पडायचे. त्यामुळे नातू सारखा झोपून असतो हे पाहून सासूला भरून यायचं.

"झोपू दे गं त्यांना," ती मोरेनिकेला दटावायची. "जन्माचं जागरण आहे अंगात. दोन महिन्यांत भरून निघतं होय?"

नातवाला ती अहो-जाहो करायची. "अहो, पाय सरळ करा, तेल लावायचंय," असं तिने म्हटलं की गल्लीतल्या बायका पोट धरून हसायच्या आणि जाता-येता बाळासमोर गुडघे टेकून थोरल्यांना नमस्कार करायच्या. बाळ घोगरं रडलं तर हा चोरांवर ओरडून बसलेला आवाज. हातपाय गार लागले तर म्हातारा रात्री थंड वाऱ्यात हिंडायचा ना. जाडशी जीभ ओठांबाहेर दिसली तर ताडीची आठवण येत असेल. चार-चार दिवस शी झाली नाही तेव्हा सासू म्हणाली, "तेही असेच चिकट होते. हातातलं सहज म्हणून सुटायचं नाही."

मोरेनिकेही हसायची. पुढे पुढे तिला हसू येईना.

दोन घोट घेऊन बाळ छातीशीच झोपून जायचं आणि दूध तटतटून ती रडकुंडीला यायची. गालावर बोट फिरवलं, तळवे चोळले, तरी डोळे उघडायचं नाही. लस टोचली तेव्हा जेमतेम कण्हलं, तर नर्सने शूर म्हणून कौतुक केलं! शेजारच्या सिंबियातची पोरगी त्याच आठवड्यातली. ती आईच्या आवाजाकडे मान वळवायची, बोळकं पसरून हसायची. बाबावाले अजून एकदाही आईकडे बघून हसला नव्हता. आपलं मूल आत कुठेतरी बुडत चाललंय आणि आपण काठावर उभ्या राहून त्याचं कौतुक ऐकतोय, असं मोरेनिकेला वाटत राहायचं.

सिंबियातला सांगितलं तर ती म्हणाली, "माझी ही भवानी डोळ्याला डोळा लागू देत नाही. अदलाबदल करतेस का, बोल!" नवरा अडिगुन पंक्चर काढता काढता म्हणाला, "पहिलटकरीण आहेस, म्हणून भितेस." शेवटी तिने धीर करून सासूपाशीच विषय काढला.

"आई, याला मोठ्या इस्पितळात दाखवू या का?"

सासूचा चेहरा उतरला. "माणूस एवढ्या लांबून घरी आलंय आणि तू त्याला सुया टोचायला नेणार? रागावून परत गेले म्हणजे? पुन्हा पुरू मी त्यांना?"

सासू दुष्ट असती तर भांडता आलं असतं. ती घाबरलेली होती, आणि मोरेनिकेही. परत गेले म्हणजे, हे शब्द मोरेनिकेच्या डोक्यातून जाईनात. खरंच गेला तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ इतकं निपचित पडलं होतं की तिने त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला. श्वास होता. तिने हाक मारली, मग मोठ्याने मारली, मग उचलून हलवलं. मान लुळी पडली. तेव्हा तिचा धीर सुटला. दाराआड सासऱ्यांची लोखंडी नळी टांगलेली होती. तिला सासूशिवाय कुणी हात लावत नसे. मोरेनिकेने बाळाला चटईवर ठेवलं, नळी काढली आणि जवळच्या दगडी पाट्यावर हाणली.

सगळं घर दणाणलं. बाळाची पापणी किंचित हलली आणि पुन्हा मिटली.

सासू पिठाच्या हातांनी धावत आली. "कशी गं तुझी हिंमत झाली?" तिने हातही उगारला होता. पण तिची नजर बाळाकडे गेली आणि हात तसाच राहिला.

"परत वाजव," ती म्हणाली.

मोरेनिकेने वाजवली.

"अजून जोरात."

तिसऱ्या दणक्यालाही बाळ दचकलं नाही. सासू बाळाशेजारी बसली. तिने वाकून ते मिटलेले डोळे जवळून पाहिले.

"हे ते नव्हेत," ती हळूच म्हणाली. "ते कितीही गाढ झोपलेले असोत, ही नळी वाजली की उठून चपला शोधायचे. पोरं चेष्टेनं वाजवायची तरी उठायचे. शेवटच्या आजारात कुणाच्या हातून खाली पडली, तर उठायला बघत होते." तिने पिठाचाच हात बाळाच्या गार कपाळाला लावला. "हा कुणी दुसराच आहे, पोरी. आणि याला काहीतरी झालंय. बांध त्याला पाठीशी. चल."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी बाळाची जीभ पाहिली, फुगलेली बेंबी पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. गळ्यातली एक ग्रंथी कामच करत नव्हती. रोज इवलीशी गोळी चुरून आईच्या दुधातून द्यायची, जन्मभर.

"बाळ झोपेत वाढतं म्हणतात ना, बाई?" सासूने विचारलं.

"वाढतं, आजी. मेंदूसुद्धा झोपेत वाढतो. पण ही ती झोप नव्हे. याचं सगळं शरीरच मंद पडलंय, आणि त्याबरोबर मेंदूची वाढही."

"उशीर झाला का?" मोरेनिकेने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "थोडा झालाय. त्या उशिरानं काय काय नेलं ते आज नाही सांगता येणार. बसतो कधी, बोलतो कधी, ते बघत राहायचं."

परतीच्या वाटेवर सासू एवढंच म्हणाली, "कोंबडासुद्धा मारला मी." मोरेनिकेला तिचा रागही आला आणि दयाही.

काही आठवड्यांत बाबावाले भुकेने रडायला लागला, तोही बारीक, खणखणीत आवाजात. एका सकाळी तो आईकडे बघून हसला, तेव्हा मोरेनिके हुंदके देऊन रडली. सासूने उखळ परत आपल्या अंगणात आणलं आणि दणादण याम कुटायला लागली.

एका दुपारी पोटभर दूध पिऊन तो झोपला, आणि झोपूनच राहिला. सावल्या अंगणाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या तरी उठेना. गोळी लागू पडेनाशी झाली तर? मोरेनिके उठली आणि तिने दाराआडची नळी काढली. एवढ्यात सासूने मागून येऊन नळीचं दुसरं टोक धरलं.

"नको. पाय बघ कसे ऊन आहेत. झोपू दे. ही त्याची स्वतःची झोप आहे."

मोरेनिके चटईशेजारी बसली, सासूही बसली. दोघी बाळाचं पोट वरखाली होताना बघत राहिल्या. नळी दोघींच्या मांडीवर आडवी होती, आणि सासूनेही आपलं टोक सोडलं नव्हतं.